सासूबाईंबरोबर ‘डेकालॉग’

‘डेकालॉग’ मी पहिल्यांदा पाहिली ती एका फिल्म सोसायटीच्या खेळात. दहाच्या दहा भाग, शनिवार-रविवार मिळून. मधे चहा, बटाटेवडे आणि जिन्यात उभं राहून केलेली चर्चा. सोमवारी ऑफिसात बसले तेव्हा डोक्यात बर्फ, दूध, एक हिरवट शहर आणि पुष्कळ दुःखी माणसं एवढंच शिल्लक होतं. कोणता डॉक्टर कोणत्या भागातला, पोस्टाच्या तिकिटांचं पुढे काय झालं, काही धड आठवेना.

दुसऱ्यांदा पाहिली ती गेल्या पावसाळ्यात, डोंबिवलीत, आमच्या हॉलमध्ये. झालं असं की सासूबाईंच्या साडेसातच्या मालिकेने लीप घेतला. नायिकेला चष्मा आला, खलनायिका सुधारली आणि ज्या मुलीवर आईंचा जीव होता तिच्या जागी वेगळीच नटी आली. आई म्हणाल्या, “बास. आता दुसरं काहीतरी लाव. पण एपिसोडचं लाव, सिनेमा नको. माणसं ओळखीची होतात न होतात तोवर सिनेमा संपतो.”

मुलाने मागे कधीतरी आणून दिलेला डीव्हीडीचा संच कपाटात पडून होता. मी सांगितलं, पोलंडची मालिका आहे, दहा भाग, एकेक तासाच्या आतबाहेर, एकाच वसाहतीत राहणाऱ्या लोकांच्या गोष्टी. आईंनी विचारलं, “लीप आहे का?” नाही म्हटल्यावर त्या तयार झाल्या.

अडचण सबटायटलांची होती. आई ७९ वर्षांच्या. मोतीबिंदू काढलेला आहे, चित्र स्वच्छ दिसतं, पण खालची इंग्रजी ओळ वाचून होईस्तोवर पुढची आलेली असते. त्यातून वॉर्सातला हिवाळा, म्हणजे पांढऱ्या बर्फावर पांढरी अक्षरं. तेव्हा ठरलं की मी ओळी वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. दुसरं ठरलं ते टीव्हीच्या चौकटीचं. ही मालिका जुन्या चौकोनी पडद्यासाठी काढलेली, त्यामुळे आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. मुलाने फोनवरून सल्ला दिला की झूम करा. करून पाहिलं, तर माणसांची कपाळं उडाली. पट्टे राहू दिले. जुनं काही बघणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत असते, चित्र ताणू नका, फुगवू नका. या दिग्दर्शकाचं अर्धं काम तर चेहऱ्यांवर आहे.

पहिल्या संध्याकाळी मी क्रिकेटच्या समालोचकासारखी बोलत सुटले. प्रत्येक ‘ये’, ‘बस’, ‘चहा घेणार?’ मराठीत. आईंनी हात वर केला. “हे मला दिसतंय. कुणी नवीन काही बोललं तर सांग.” म्हणजे प्रत्येक ओळ आली की ती सांगण्यासारखी आहे का हे आधी ठरवायचं, मग तोंड उघडायचं. हे काम करायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की सांगण्यासारख्या ओळी फारच थोड्या आहेत. मालिकेचा दिग्दर्शक क्रिस्तॉफ किश्लोव्हस्की मूळचा माहितीपट करणारा. माणूस एखादी गोष्ट करतो आहे ती पुरती दाखवायची, त्यावर बोलायचं नाही, ही सवय त्याने कथापटातही सोडली नाही. मोठमोठे तुकडे असे होते की मी गप्प आणि आईही गप्प.

पहिला भाग सुरू होतो तो गोठलेल्या तळ्यापाशी. काठावर एक माणूस शेकोटी करून बसलाय. मग एक बाई रस्त्यावर, दुकानाच्या काचेआड टीव्ही चालू आहेत, त्यात शाळेतली मुलं धावताहेत, एका मुलाचा चेहरा थबकतो आणि बाई रडते. संवाद एकही नाही. आई म्हणाल्या, “पोरगं गेलंय.” मी काही बोलले नाही. फिल्म सोसायटीत याच जागी मी बहुधा टीव्हीतल्या टीव्हीकडे कौतुकाने बघत असेन. आईंना दोन मिनिटांत शेवट कळला होता, आणि पुढचा तासभर त्या तो मुलगा जिवंत असताना पाहत होत्या.

गोष्ट अशी. विद्यापीठात शिकवणारा बाप, त्याचा हुशार मुलगा पावेल, घरात संगणक. बर्फ किती वजन पेलेल याचं गणित दोघं संगणकावर मांडतात, गणित म्हणतं पेलेल. बापाचा तेवढ्यावरही भरवसा नाही, तो रात्री स्वतः जाऊन बर्फावर पाय आपटून येतो. बाहेर ठेवलेली दुधाची बाटली गोठलेली आहे, म्हणजे थंडीही भरपूर. सगळी काळजी घेतलेली आहे. दुसऱ्या दिवशी बाप लिहीत बसलेला असताना कागदावर शाई पसरते, बाटली फुटलेली असते. तो हात धुतो. बाहेर सायरन वाजतात. पुढची बरीच मिनिटं तो माणूस फक्त मुलाला शोधतो, आणि अजून ‘शोधतोय’ हे स्वतःशी कबूल करत नाही. जिने चढतो, दारं वाजवतो, लिफ्ट टाळतो. आई पुटपुटल्या, “लिफ्टने गेला तर लवकर पोचेल, म्हणून जात नाहीये.” ही ओळ कुठल्याही सबटायटलात नव्हती.

त्या रात्री मी त्यांना मालिकेची जन्मकथा सांगितली. पोलंडमध्ये १९८१च्या डिसेंबरात लष्करी कायदा आला, तेव्हा राजकीय खटल्यांत आरोपींची बाजू मांडणारा क्रिस्तॉफ पिएसिएविच नावाचा वकील होता. किश्लोव्हस्कीशी त्याची ओळख झाली आणि दोघं मिळून लिहायला लागले. एका थंड, पावसाळी दिवशी किश्लोव्हस्कीचा एक हातमोजा हरवलेला, तो वैतागलेला, आणि समोरून आलेला वकील म्हणाला की दहा आज्ञांवर कुणीतरी काहीतरी करायला हवं, तूच कर. बायबलातल्या त्या दहा आज्ञा, खून करू नकोस, चोरी करू नकोस वगैरे. सुरुवातीला बेत होता की दहा नव्या दिग्दर्शकांना दहा पटकथा द्यायच्या. लिहिता लिहिता किश्लोव्हस्कीचा पटकथांवर जीव जडला आणि त्याने सगळ्या स्वतःकडे ठेवल्या. छायालेखक मात्र नऊ घेतले. एकट्या पिओत्र सोबोचिन्स्कीने दोन भाग केले, तिसरा आणि नववा. संगीत सगळ्या भागांना झ्बिग्नेव्ह प्राइसनरचं.

आईंना यातल्या हातमोज्यात जास्त रस होता. “सापडला का?”

पुढच्या आठवड्यापासून गुरुवार ठरला. आठवड्याला एकच भाग. हे मी मुद्दाम ठरवलं नव्हतं, आईंच्या भजनी मंडळाच्या वेळा सांभाळताना ते तसं झालं. पण या मालिकेचा जीव त्या मधल्या आठवड्यात आहे असं माझं आता ठाम मत आहे.

दुसऱ्या भागात एक म्हातारा डॉक्टर आहे. त्याच इमारतीत राहणारी दोरोता त्याच्या मागे लागते, माझा नवरा जगेल की मरेल ते नक्की सांगा. नवरा कॅन्सरने अंथरुणाला खिळलेला, आणि तिच्या पोटात दुसऱ्याचं मूल. नवरा जगणार असेल तर मूल ठेवायचं नाही, मरणार असेल तर ठेवायचं. डॉक्टर शेवटी तिला शपथेवर सांगतो की तो मरतोय. नवरा बरा होतो. ग्लासातल्या सरबतात बुडालेली एक माशी चमच्याला धरून कशीबशी वर येते, तो तुकडा अभ्यासक नेहमी काढून दाखवतात. आईंचं लक्ष डॉक्टरच्या दूध तापवण्याकडे होतं. एकटा राहतो, सगळं स्वतः करतो, कुणी विचारपूस करणारं नाही. भाग संपल्यावर म्हणाल्या, “खोटं बोलला. पण बरं झालं बोलला.”

तिसरा भाग मला फिका वाटतो. नाताळची रात्र, जुनी प्रेयसी, रात्रभर गाडीतून फिरणं. एवढंच सांगते की त्यात सुरुवातीला पहिल्या भागातला बाप दारात दिसतो, क्षणभर. आई ताठ बसल्या. “हा तोच ना? एकटाच आहे गं सणाच्या दिवशी.” आणि मग त्या भागभर त्यांना पडद्यावरच्या प्रेमिकांपेक्षा त्या बापाचं काय चाललं असेल याचीच चिंता.

चौथ्या भागात बाप-लेक लिफ्टमध्ये वाद घालत असतात आणि मधेच एक म्हातारा आत येतो. आई जवळजवळ ओरडल्या, “अगं, आपले डॉक्टर!” मी सीडी मागे घेतली. खरंच ते. फिल्म सोसायटीत हा क्षण माझ्या समोरून गेला असणार, पण तिथे डॉक्टरला भेटून मला जेमतेम दोन तास झाले होते, आणि मधे आणखी एक अख्खी गोष्ट. आईंना भेटून पंधरा दिवस झाले होते. त्या पंधरा दिवसांत एकदा भाजी निवडताना त्यांनी विचारलंही होतं, “ते डॉक्टर आता काय करत असतील?”

रोजच्या मालिका बघणाऱ्या बायकांना आपण हसतो. कोण कुणाची जाऊ, कुणी कधी काय लपवलं, कोण कुठल्या एपिसोडमध्ये जिन्यात उभं होतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. ‘डेकालॉग’ला नेमकी हीच स्मरणशक्ती लागते. ती सरकारी पोलिश टेलिव्हिजनसाठी बनली, १९८९च्या डिसेंबरात तिथे सुरू झाली, आणि लोकांनी ती घरी बसून, जेवणखाण उरकून पाहिली. नंतर महोत्सवांनी तिला उचललं आणि ती सिनेमावाल्यांची झाली.

वसाहतीचीही एक गंमत. किश्लोव्हस्कीने सांगून ठेवलंय की वॉर्सातली सगळ्यात देखणी वसाहत म्हणून त्याने ही निवडली, आणि हीच जर इतकी भकास दिसत असेल तर बाकीच्यांची कल्पना करा. उंच करड्या इमारती, सारख्या खिडक्या, समोरच्याच्या घरात काय शिजतंय ते दिसावं इतकं अंतर. आमच्या हॉलच्या खिडकीतून बी विंगचं स्वयंपाकघर दिसतं, त्यामुळे आईंना यात परकं काही वाटलं नाही. त्यांना परकं वाटलं ते रांगा नसण्याचं. ऐंशीच्या दशकात इथे रॉकेलसाठी, पामतेलासाठी उभं राहिलेली ती पिढी. “यांच्याकडे रेशन नव्हतं का?” होतं की, मांससुद्धा कार्डावर मिळायचं. पण दोघा लेखकांनी ठरवून रांगा, कार्डं, राजकारण बाहेर ठेवलं. लोक रोजच त्याला विटलेले होते, आणि घरी दार लावल्यावर माणूस जे काय करतो तेच त्यांना लिहायचं होतं. बहुधा म्हणूनच ही मालिका डोंबिवलीत इतक्या वर्षांनी चालली.

एक माणूस मात्र जवळजवळ प्रत्येक भागात येतो, एक शब्द बोलत नाही. पहिल्या भागात शेकोटीपाशी तोच. मग इस्पितळातला कर्मचारी, ट्रामचा ड्रायव्हर, डोक्यावर पांढरी होडी घेऊन चाललेला, रस्त्यावर मोजमाप करणारा, सायकलवाला. आर्तुर बार्चिश हा नट. समीक्षकांनी त्याला देवदूत, नियती, साक्षी असं बरंच काही केलंय. आईंनी त्याला ‘मुकादम’ नाव दिलं, कारण काम करणाऱ्यांकडे तो नुसता उभा राहून बघतो. सातव्या भागात तो दिसेना तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या. मी सांगितलं की त्याचं चित्रीकरण झालं होतं, पण ते दिग्दर्शकाला जमलं नाही म्हणून काढून टाकलं. “म्हणजे गैरहजेरी,” आई म्हणाल्या.

पाचवा भाग लावला आणि दोन मिनिटांत आईंनी रिमोट मागितला. “रंग बिघडलाय.” रंग तसाच आहे. छायालेखक स्वावोमिर इद्झियाकने हिरवट-पिवळे फिल्टर लावून शहर आजारी केलंय, आणि चौकटीचे कोपरे काळे केलेत, त्यामुळे माणसं बोगद्यातून चालल्यासारखी दिसतात. हा खुनाचा भाग. यात्सेक नावाचा भटका तरुण एका टॅक्सीवाल्याला काहीही कारण नसताना मारतो, आणि मग सरकार यात्सेकला फाशी देतं. दोन्ही मारणं सारख्याच तपशिलाने, सारख्याच सावकाशीने दाखवलंय.

टॅक्सीवाला आधीपासून आवडू नये असा रंगवलाय. सकाळी इमारतीखाली एक जोडपं त्याच्या गाडीसाठी थांबलेलं असतं, आणि तो त्यांना तसंच टाकून निघून जातो. आईंनी माझा हात धरला. “ती बाई! आणि नवरा चालतोय बघ, बाहेर पडलाय!” दुसऱ्या भागातली दोरोता आणि तिचा बरा झालेला नवरा. आईंना कोण आनंद झाला, आणि त्याच आनंदापायी टॅक्सीवाल्याचा भयंकर राग आला. आजारातून उठलेल्या माणसाला असं रस्त्यावर सोडतात का? पुढे अर्ध्या तासात त्या टॅक्सीवाल्याचं जे झालं ते बघताना आईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. फाशीच्या वेळी मात्र त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून म्हणाल्या, “झालं का सांग.” मी सांगितलं. याच भागाचा मोठा चित्रपट १९८८मध्ये आला, कान महोत्सवात गाजला. पोलंडमध्ये शेवटची फाशी त्याच वर्षीची. आईंना हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्या रात्री नाही.

सहावा भाग आला आणि माझी पंचाईत झाली. आई पोस्टातून निवृत्त झालेल्या, सगळी नोकरी काउंटरवर. त्यातला तोमेक १९ वर्षांचा, पोस्टात काउंटरवर बसणारा. समोरच्या इमारतीतल्या माग्दाला तो रोज दुर्बिणीतून बघतो. ती जवळून दिसावी म्हणून तिच्या पेटीत मनीऑर्डर आल्याची खोटी चिठ्ठी टाकतो, म्हणजे ती पैसे घ्यायला त्याच्याच खिडकीवर येते. दुर्बिणीबद्दल आई काही बोलल्या नाहीत. चिठ्ठी दिसली आणि त्या उसळल्या. “सरकारी छापील कागद! निलंबनाचं प्रकरण आहे हे!” पोस्टमास्तरीणबाई उलट माग्दावरच आळ घेते तेव्हा तर त्या टीव्हीशी भांडल्या, रजिस्टर बघा म्हणून.

पुढे माग्दा त्याला घरी बोलावते. तिथले संवाद सासूबाईंना मराठीत वाचून दाखवायचे म्हणजे काय होतं ते सुनांना वेगळं सांगायला नको. मी तीनचार ओळी गिळल्या. “गाळतेयस,” आई म्हणाल्या. मी म्हटलं, “आई, तुम्हाला दिसतंय ते.” “दिसतंय, पण ती त्याला हसली का रागावली ते दिसत नाहीये.” मग सांगितलं. ती त्याला म्हणते की प्रेम प्रेम म्हणतात ते एवढंच असतं. मुलगा पळून घरी जातो आणि मनगटं कापून घेतो. आई म्हणाल्या, “हे गाळून कसं चाललं असतं?”

पाचव्यासारखा या भागाचाही मोठा चित्रपट निघाला, त्यात शेवट वेगळा आहे. माग्दाचं काम करणारी ग्राझिना शापोलोव्स्का हटून बसली की लोकांना गोष्ट हवी असते, थोडी परीकथा हवी असते. म्हणून तिथे माग्दा दुर्बिणीला डोळा लावते आणि तिला आपल्याच खिडकीत तोमेक आपली समजूत घालताना दिसतो. टीव्हीच्या भागात तो काउंटरच्या काचेमागून एवढंच म्हणतो की मी आता तुम्हाला बघत नाही. मी दोन्ही दाखवले. मला टीव्हीचा आवडतो. आईंचं म्हणणं वेगळंच, “परत त्याच काउंटरला बसवला याला?”

सातवा भाग, मुलीचं मूल आजीने स्वतःचं म्हणून वाढवलेलं, तो आईंना मी न सांगताही कळला. भांडणाची भाषा लागत नाही. नववा त्यांना पटला नाही, मला मनापासून पटतो, त्यावर आमचं एकमत होणार नाही.

आठवा बोलका आहे. नीतिशास्त्राच्या म्हाताऱ्या प्राध्यापिका झोफिया, वर्गात चर्चा. प्रत्येक वाक्य ‘नवीन’, त्यामुळे मला वारंवार थांबवून सांगावं लागलं आणि भाग दोन बैठकांत झाला. एक विद्यार्थिनी चर्चेसाठी प्रसंग मांडते, नवरा आजारी आहे, बाई गरोदर आहे, डॉक्टर देवाला मानणारा. मी एवढं वाचलं आणि आई म्हणाल्या, “थांब. ही आपल्या डॉक्टरांची गोष्ट. या बाई त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहतात ना? कळलंच असणार.” वर्गात अमेरिकेहून आलेली एक स्त्री मग आपली गोष्ट मांडते, १९४३ची. एका लहान ज्यू मुलीला लपवायचं कबूल केलेलं जोडपं ऐन वेळी नाही म्हणतं, आम्ही खोटी साक्ष देऊ शकत नाही म्हणून. ती मुलगी ती स्वतः, आणि नाही म्हणणारी बाई झोफिया. आईंनी पुढे काही वेळ मला वाचू दिलं नाही, दोघींचे चेहरे बघू दे म्हणाल्या.

याच भागात झोफियाला एक शेजारी नवीन तिकिटं दाखवायला येतो, झेपेलिन या जुन्या हवाई जहाजाच्या संचाची. मी हा तुकडा भरताड समजत होते. दहाव्या भागाच्या सुरुवातीला दोन भाऊ मेलेल्या बापाचं घर उघडतात आणि कपाटात तिकिटंच तिकिटं. आई म्हणाल्या, “म्हणजे ते गेले तर.” एका मालिकेच्या लीपपेक्षा या दोन गुरुवारांत जास्त काही घडलं होतं.

दहावा विनोदी आहे, आणि आईंना सगळ्यात जास्त आवडला. एक भाऊ संसारी, दुसरा बेंबीच्या देठापासून ओरडणारा गायक, दोघांना हळूहळू तिकिटांचं वेड लागतं. एका दुर्मीळ तिकिटापायी मोठा भाऊ मूत्रपिंड द्यायला तयार होतो, आणि तो इस्पितळात असताना सगळा संग्रह चोरीला जातो. मग दोघं एकमेकांवर संशय घेतात, गुपचूप पोलिसांकडे एकमेकांबद्दल सांगून येतात. संग्राहकांचे नखरे आईंनी काउंटरवरून वर्षानुवर्षं सोसलेले. शिक्का कोपऱ्यातच मारा, चारचा ब्लॉक फाडू नका, गोंदाला बोट लावू नका. त्या प्रत्येक प्रसंगावर टिप्पणी करत होत्या, आणि मी एकही ओळ वाचत नव्हते. शेवटी दोघं भाऊ, एकमेकांना न सांगता, पोस्टात जाऊन साधी नवी तिकिटं घेतात. काउंटरमागे कोण बसलंय? तोमेक. आई हसून हसून खोकायला लागल्या. “अजून आहेच हा! कुणी तपासणीला येत नाही का त्या ऑफिसात?”

संच संपल्यावर त्यांनी विचारलं की या माणसाचं एपिसोडचं आणखी काही आहे का. नाही. नंतर त्याने चित्रपट केले आणि १९९६मध्ये गेला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, पंचावन्नाव्या वर्षाच्या आत. आई जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की १९८८ साली, म्हणजे तिकडे हे सगळं चाललं होतं तेव्हा, आपल्याकडे दूरदर्शनवर ‘तमस’ लागली होती. ओम पुरीचा डुक्कर मारण्याचा प्रसंग त्यांना अजून आठवतो, पण बाकी विसरलंय. ती मिळाली तर बघू.

मी म्हटलं, लगेच शोधते.

“शोध,” आई म्हणाल्या. “पण ती हिंदीत आहे. तू मधे बोलायचं नाहीस.”